शांतता! कोर्ट चालू आहे

विजय तेंडुलकर (६ जानेवारी १९२८ – १९ मे २००८) यांचे तीन अंकी मराठी नाटक. ‘रंगायन’ या मुंबईच्या प्रायोगिक नाट्यसंस्थेने १९६७ साली ते प्रथम रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे ही मध्यवर्ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. स्त्रीच्या वागण्याचा निवाडा करण्याचा हक्क समाज स्वतःकडे कसा घेतो आणि तिची जबाबदारी घेण्याची वेळ आली की कसा अंग काढून घेतो, हे या नाटकाइतके उघडे करून दाखवणारे दुसरे मराठी नाटक सापडणे कठीण आहे.

कथानक एका संध्याकाळचे आहे. मुंबईतील हौशी मंडळींचा एक गट अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी जवळच्या गावात आला आहे. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांच्या संदर्भात खटला चालायचा आहे. एक नट न आल्याने गावातल्या सामंत या भाबड्या माणसाला उभे करायचे ठरते. त्याला न्यायालयाची रीत कळावी म्हणून तालमीदाखल एक खोटा खटला रचला जातो. आरोपी म्हणून गटातील अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिला निवडतात आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. गंमत म्हणून सुरू झालेला हा खेळ हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. गटातच असलेल्या, पण त्या दिवशी न आलेल्या प्रा. दामले या विवाहित, मुलाबाळांच्या माणसापासून तिला दिवस गेले आहेत, हे साक्षीमागून साक्ष होत उघड होते.

या साक्षी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. ठळक धागा मिळतो तो सामंताकडून. त्याला खरे काहीच माहीत नसते. हातातल्या कादंबरीची पाने उलटत तो दामल्यांच्या खोलीतला प्रसंग ‘सांगतो’, आणि ते बनावट कथन खऱ्याला जाऊन भिडते. पुढचे साक्षीदार मात्र माहीतगार आहेत. पोंक्षे याला बेणारेने उपाहारगृहात गाठून लग्नाबद्दल विचारले होते. पोटातल्या मुलाला बापाचे नाव मिळावे, एवढीच तिची मागणी होती. बाळू रोकडे याच्याकडेही ती त्याच आशेने गेली होती. कर्णिक तिच्या कोवळ्या वयातली, मामाशी जुळलेल्या प्रेमाची आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची हकीकत काढतो. अडचणीतल्या बाईने विश्वासाने टाकलेला शब्द इथे थेट पुराव्यात जमा होतो. तिने ज्यांच्याकडे मदत मागितली, तेच तिच्या विरुद्धचे साक्षीदार ठरतात. नाटकाचा सगळा जाच या एका रचनेत आहे, आणि तेंडुलकरांची कारागिरीही तिथेच सर्वाधिक दिसते. दामल्यांच्या नावाचा पुकारा होतो तेव्हा कोणी येत नाही. ते गैरहजर आहेत याचे कोणालाही काही वाटत नाही, आणि खटला त्यांच्यावाचून निर्वेध चालू राहतो.

न्यायाधीश झालेले काशीकर सदैव सामाजिक प्रश्नांची भाषा बोलतात. सुधारणांमुळे समाज बिघडला, मुलींची लग्ने न्हाण येण्याआधीच उरकावीत, असे त्यांचे म्हणणे असून बिघाडाचे खापर ते आगरकर आणि धोंडो केशव कर्वे यांच्यावर फोडतात. नाटक रंगमंचावर आले तेव्हा महर्षी कर्व्यांच्या निधनाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. याच काशीकरांना खुर्ची सोडून स्वतः साक्ष द्यायला काहीच गैर वाटत नाही. वकिली न चालणारे सुखात्मे फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही बाजू एकटेच चालवतात, मातृत्वाच्या थोरवीवर बोलतात आणि स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही हे मनुवचनही पुढे करतात. सौ. काशीकरांची तऱ्हा वेगळी आहे. नवरा त्यांना चारचौघांत गप्प बसवतो, पण बेणारेला पिंजऱ्याकडे ओढत नेताना त्यांच्या अंगात बळ येते. पुरुषी व्यवस्था बाईच्याच हातून कशी राबवली जाते, ते या एका कृतीत दिसते. ढेकणांच्या औषधाची बाटली बेणारे तोंडाला लावते आणि कर्णिक ती हातातून उडवतो. तरीही खटला थांबत नाही.

निकाल असा लागतो : आईने जगावे, पण तिच्या पोटातला गर्भ नष्ट केला जावा. ज्या कृत्याचा आरोप, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावले जाते. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने गर्भपात घडवणे गुन्हा होता, म्हणजे काशीकरांचा हुकूम कायद्याच्याही विरुद्ध आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये आला. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याची सवलत मात्र त्यात विवाहितेपुरतीच होती. ‘कोणतीही स्त्री’ असा बदल २०२१ च्या दुरुस्तीने झाला.

बेणारेवरच्या या आरोपाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे अपिलात कमी झाली), आणि त्यानिमित्त बायकांच्या नीतीवर उठलेल्या टीकेला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. दोषी दोघे असताना शिक्षा एकटीला का, हा ताराबाईंचा सवाल बेणारेच्या खटल्यात जसाच्या तसा उभा आहे. तेंडुलकरांनी स्वतःही आपल्या आधीच्या ‘श्रीमंत’ या नाटकात कुमारी मातेचा प्रश्न हाताळला होता.

बेणारे ही निव्वळ सोशीक नायिका नाही. पहिल्या अंकात ती सामंतापुढे सहकाऱ्यांची उणीदुणी चवीने काढते : कोणाचे शिक्षण अर्धवट, कोणाला मूल नाही, कोणाकडे पक्षकार फिरकत नाही. तिच्या हसण्याने दुखावलेली माणसेच पुढे न्यायासनाभोवती जमतात. यामुळे तिचा दोष सिद्ध होत नाही. जमलेल्यांच्या नैतिकतेखाली वैयक्तिक वचपा दडलेला आहे, एवढे कळते.

निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी मोजके सेकंद दिले जातात. तेवढ्यात बाकीची पात्रे गोठून उभी राहतात आणि बेणारे आपल्या शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, शाळेतल्या मुलांबद्दल दीर्घ स्वगत बोलते. ते प्रेक्षकांनाच ऐकू येते. न्यायालयाच्या लेखी तिने काहीच म्हटलेले नसते. निकालानंतर सगळे जण पुन्हा पूर्वीसारखे होतात, हा तर खेळ होता अशी तिची समजूत काढतात आणि प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंत पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. त्या संध्याकाळी तिच्या वाट्याला आलेली माणुसकी एवढीच.

नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये मराठी चित्रपट केला. त्यातही बेणारे सुलभा देशपांडे यांनीच साकारली. अमोल पालेकर आणि अमरीश पुरी यांच्या चित्रपटीय वाटचालीचा आरंभ या चित्रपटाच्या काळातला. हिंदी रंगभूमीवर नाटक ‘खामोश! अदालत जारी है’ या नावाने गाजले. प्रिया आडारकर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले असून विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ते शिकवले जाते.

बेणारेचे स्वगत एकपात्री स्पर्धांमधून वर्षानुवर्षे सादर होत आले आहे. साक्षींपासून तोडून म्हटलेले स्वगत एका दुखावलेल्या बाईचा आक्रोश एवढेच उरते, आणि नाटकावर तो अन्याय आहे. ज्यांना हे नाटक समजून घ्यायचे आहे त्यांनी आधी पोंक्षे, रोकडे आणि काशीकर यांच्या साक्षी नीट वाचाव्यात.