यंत्राची नजर आणि वर्णभेद

तंत्रज्ञानातील वर्णभेद हा अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चालणाऱ्या वाचनमंडळांच्या चर्चेचा विषय ठरला आहे. सफिया नोबल यांचे ‘अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन’ (२०१८), रुहा बेंजामिन यांचे ‘रेस आफ्टर टेक्नॉलॉजी’ (२०१९) आणि जॉय बुओलाम्विनी यांचे ‘अनमास्किंग एआय’ (२०२३) ही या विषयावरील महत्त्वाची पुस्तके होत.

एमआयटी या संस्थेत शिकत असताना बुओलाम्विनी यांचा चेहरा संगणकप्रणालीला दिसेना. पांढरा मुखवटा घालताच तो दिसला. पुढे त्यांनी टिमनिट गेब्रू यांच्यासह छायाचित्रावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. आफ्रिका व युरोपातील सहा देशांच्या १,२७० संसद सदस्यांची छायाचित्रे त्यासाठी वापरण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण अचूकता ८८ ते ९४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वरकरणी समाधानकारक होती. मात्र उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. सरासरीने ही दरी झाकून टाकली होती. अशा प्रणाली पारखण्यासाठी अमेरिकी शासनाने तयार केलेल्या एका छायाचित्रसंचातच सुमारे ८० टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते.

पोलीस तपासात अशी चूक महागात पडते. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉईट पोलिसांनी चेहरा जुळल्याच्या चुकीच्या निष्कर्षावरून एका निरपराध कृष्णवर्णीयास कुटुंबीयांसमोर अटक केली. त्याने दाखल केलेल्या दाव्यात जून २०२४ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार केवळ चेहरा जुळला म्हणून तेथील पोलिसांना कोणालाही अटक करता येत नाही.