दुरून शिकवलेलं आभाळ

बालभारतीच्या पाचवीच्या 'परिसर अभ्यास भाग १' या पुस्तकाचे पहिले तीन पाठ आहेत 'आपली पृथ्वी - आपली सूर्यमाला', 'पृथ्वीचे फिरणे' आणि 'पृथ्वी आणि जीवसृष्टी'. आभाळ, जमीन आणि जीव ही तिन्ही दालनं दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढे वर्षाच्या सुरुवातीलाच उघडतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात २०२० साली हे पाठ मुलांपर्यंत पोचले ते फोनवरून. जिथे फोन होता तिथे. १५ जूनला शैक्षणिक वर्ष सुरू झालं, वर्गांची कुलपं तशीच राहिली आणि राज्यभर शाळा बंद असतानाही शिक्षण सुरू ठेवण्याची मोहीम निघाली.

तेव्हा सगळ्यांना हे अघटित वाटलं. पण शिकवणारा एका गावी, शिकणारा दुसऱ्या गावी आणि मधे एखादं साधन, ही रीत मराठीत पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. तिचं एक टोक आष्टीच्या शेजारीच सापडतं.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' १८४० मध्ये मुंबईत निघालं. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रचाराचा होता. पुराणातली सात समुद्रांची पृथ्वी खोडून काढायला त्यांना गोल पृथ्वी आणि ग्रहांची गती कामाला येत होती. हेतू काहीही असो, ज्याने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा वाचकाच्या घरी खगोल आणि भूगोल टपालाने जाऊ लागले. मात्र या लेखनाचा रोख पटवून देण्यावर होता. वाचकाने वाचावं आणि मान्य करावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

ही अपेक्षा वाढवली एका शाळामास्तरांनी. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव आज 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथामुळे लक्षात आहे. पण त्यांनी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हेही पुस्तक लिहिलं. दीक्षितांचा पेशा शिक्षकाचा होता; पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकवत. नक्षत्रांची माहिती पुस्तकात मिळते, ओळख मात्र अंगणात उभं राहूनच होते, हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तक पुण्याहून येईल आणि आकाश वाचकाने स्वतः बघायचं, अशी ही कामाची वाटणी. पुढच्या प्रत्येक साधनाला जोखायचं माप मला इथे दिसतं: पाठ संपल्यावर मूल काय करतं?

आष्टीपर्यंत हा प्रवाह सहज पोचला नाही. नगर इंग्रजांकडे, आष्टी निजामाकडे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या रेल्वेने आज हे अंतर ६६ किलोमीटरचं आहे. तेव्हा मधे संस्थानाची हद्द होती. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होई. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची पुस्तकं उर्दूत उतरवण्याचं स्वतंत्र भाषांतर खातं होतं. ते कामही मोठं होतं. पण घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला सूर्यमाला शिकायची तर आधी भाषेचा उंबरा ओलांडावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. २७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि नगरच्या मुलाच्या हातातलं पुस्तक आष्टीच्या मुलाच्याही हाती आलं.

पुढची झेप सरळ अवकाशातून झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात इस्रोने अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोचवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची अँटेना गावात उभी राहिली. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखला होता आणि त्यात विज्ञान होतं. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. पण कर्नाटकातले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, जे एके काळी बीडबरोबर एकाच संस्थानात नांदत होते. या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पडद्याबाहेर घडली: सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. पडदा बोलून थांबल्यावर वर्गात कुणीतरी पुढचं काम हाती घ्यावं लागतं, हे प्रयोग आखणाऱ्यांनी ओळखलं होतं.

त्याच दशकात अगदी उलट्या दिशेने एक वाट निघाली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्यात 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांच्या चमूने अशा खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती बनवल्या, त्या मराठीतही आणल्या आणि इंटरनेटवर फुकट ठेवल्या. ऑनलाइन विज्ञानाचं हे मला सर्वांत सरळ घराणं वाटतं. चित्रफीत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि मूल रिकामी बाटली शोधायला उठतं.

सरकारी बाजूला पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ पासून मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवत होती. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आधीच करून दाखवला होता. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. अशा रीतीने कार्यक्रम घडवणारी जुनी मराठी संस्था मिटली आणि कार्यक्रम पोचवणारी नवी नळी तयार झाली. तीन वर्षांतच त्या नळीतून सोडायला मजकुराची टंचाई भासली.

२० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातल्या वस्तू घेऊन घरातल्या माणसांबरोबर करायच्या कृतींवर तिचा भर होता. म्हणजे कुळी होशंगाबादची आणि वाहन दूरदर्शनचं. नोव्हेंबरपासून दर शनिवारी व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' येऊ लागला. साधनं आली, पण आष्टीसारख्या तालुक्यात खरी गाठ वेगळीच होती. घरात एकच स्मार्टफोन, तो बापाच्या खिशात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी उचलली की बाप, आई, कोयता आणि फोन चौघेही साखर कारखान्याकडे जातात. मूल सोबत गेलं तर फडावर रेंज आणि चार्जिंगची वानवा. आजीपाशी राहिलं तर फोनच नाही. एरवी अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. ऑनलाइन शाळेला असं वसतिगृह नव्हतं.

आणि त्याच वर्षी निसर्गाने भरभरून शिकवलं. २१ जून २०२० हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं, महाराष्ट्रात खंडग्रास. पाचवीचा दुसरा पाठ आभाळात चालू होता. नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. पोरांना अंगणात सोडायची सोय उरली नाही, माणसं काठ्या घेऊन रानात जाऊ लागली. करमाळा तालुक्यात १८ डिसेंबरला त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. अन्नसाखळीचं चित्र मोबाइलवर हरणापाशी आणि वाघापाशी थांबतं. ऊस उभा राहिला की बिबट्याला आडोसा कसा मिळतो, तो रान सोडून शेतात का राहू लागतो, कुत्री आणि शेरडं त्याला का सोपी पडतात, हे प्रश्न मात्र त्या महिन्यात आष्टीच्या प्रत्येक घरात होते. भीतीच्या दिवसांत ते विचारणं सोपं नसतं, तरी जीवशास्त्राला इतकं जवळचं दार पुन्हा मिळायचं नाही. तीनच दिवसांनी, २१ डिसेंबरला, सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला गुरू आणि शनी एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या भागावर आले. नुसत्या डोळ्यांनी दिसणारं इतकं जवळचं दर्शन त्याआधी १२२६ साली घडलं होतं. आष्टीतल्या आजीच्या अंगणातून आणि कोल्हापूरच्या उसाच्या फडातून ते सारखंच दिसत होतं. गरज होती ती 'आज बाहेर जाऊन बघ' एवढं सांगणाऱ्याची.

शाळा उघडल्यावर ऑनलाइनचा विषय मागे पडला, पण साधन राहिलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते लाखो मुलांनी पडद्यावर पाहिलं. त्या वेळी जवळजवळ अर्धा चंद्र आकाशातही वर होता. पडद्यावरून नजर काढून तो दाखवणं, उजळलेली बाजू सूर्याकडेच का आहे हे विचारणं, याला एक पैसाही पडत नाही.

या सगळ्या वंशावळीतून ऑनलाइन विज्ञानाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. छापील पान, दूरदर्शन, फोन यांतलं कुठलंही साधन माहिती पोचवतं. फोन मात्र एक काम करू शकतो, जे आधीच्या कुणाला जमलं नाही: दूरदूरच्या दोन मुलांची निरीक्षणं त्याच दिवशी शेजारी ठेवणं. आष्टीला याचा असा उपयोग आहे, जो पुण्या-मुंबईच्या वर्गांना सहज मिळणार नाही.

एक मीटरची काठी सपाट जागी उभी रोवायची. आष्टी सुमारे १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. २१ जूनला सावली सुमारे ८ सेंटिमीटर असते आणि ती चक्क दक्षिणेला पडते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला ती उत्तरेला ९१ सेंटिमीटर भरते. दिवसातली सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बाराला पडत नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं असल्याने आष्टीत ती साडेबाराच्या आसपास पडते. पृथ्वीचं फिरणं इथे सेंटिमीटरमध्ये मोजता येतं.

आता डिसेंबरच्या त्याच दिवशी कोल्हापूरच्या फडावर गेलेल्या मुलाने तशीच काठी रोवली, तर त्याची सावली सुमारे ८४ सेंटिमीटर भरेल. दोन सावल्यांत फरक सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे सूर्याच्या कोनात दोन अंशांहून थोडा जास्त. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने तो मोजता येतो. दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे २३५ किलोमीटर. दोन अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक सातवीतल्या मुलाच्या आवाक्यातलं आहे आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतं: पृथ्वीचा परीघ. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हेच केलं, अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन गावांमधल्या सूर्याच्या कोनातला फरक घेऊन. मोजताना एक सेंटिमीटर चुकलं तर परिघात पाच-सात हजार किलोमीटरचा घोळ होतो. तो का झाला हे शोधणं हाही पाठच.

यासाठी चित्रफीत लागत नाही, सतत रेंज लागत नाही. एक निरोप आणि एक आकडा साध्या फोनवरूनही जातो. स्थलांतरामुळे मूल शाळेच्या हिशेबातून गळतं. या प्रयोगात मात्र फडावर गेलेल्या मुलाशिवाय हिशेबच पुरा होत नाही. ऑनलाइन शाळेने आष्टीच्या मुलांना काय दिलं हे विचारताना पाठ किती पाठवले ते मोजलं जातं. त्यापेक्षा मुलांकडून किती मोजमापं परत आली, आणि त्यांतली किती कारखान्यावरून आली, ते मोजावं.