इद्दतीचे चार महिने दहा दिवस: चाळिशी-पन्नाशीतल्या भगिनींची प्रकृती आणि कागदपत्रे

आमच्या शाळेतल्या एका मुलाची अम्मी. वय अठ्ठेचाळीस, साखरेचा त्रास आठ वर्षांपासूनचा. नवरा अचानक गेला आणि त्या इद्दतीत बसल्या. गोळ्या दर महिन्याला नवराच आणायचा. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. मुलगा नुकता बारावीत, तोच बापाच्या दुःखात. त्याला काय सांगायचे म्हणून त्या गप्प राहिल्या. चेहरा उतरला, चालताना तोल जाऊ लागला, तर पुरसा द्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "गमची वजह से है, सब्र करो." दुसऱ्या महिन्यात पायाला जखम झाली, ती भरेना. इद्दत पूर्ण होईपर्यंत थांबू, असे घरातल्या मोठ्यांनी ठरवले. शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले.

त्या घरात वाईट माणूस कोणी नव्हता. इद्दतीत काय करता येते आणि काय नाही, हे कोणी नीट विचारलेच नव्हते. म्हणून हा लेख.

हुकूम किती, रिवाज किती

नवऱ्याच्या इंतकालानंतर बेवा स्त्रीची इद्दत चार महिने दहा दिवसांची आहे (कुरआन २:२३४). गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत (६५:४). बेवा स्त्रीची इद्दत पाळीवर मोजली जात नाही, त्यामुळे पाळी अनियमित झालेल्या किंवा बंद झालेल्या स्त्रीलाही हीच मुदत. तलाकच्या इद्दतीत मात्र पाळीचा हिशेब येतो आणि पाळी कायमची बंद झाली असेल तर तीन महिने. या वयात पाळी कधी येते, कधी दोन-दोन महिने येत नाही. अशा वेळी तलाकशुदा भगिनीने स्वतः अंदाज न बांधता जवळच्या आलिमांना विचारावे.

या काळात दुसरा निकाह नाही, दागिने, अत्तर, सुरमा, मेंदी असा साजशृंगार नाही आणि नवऱ्याच्या घरीच मुक्काम करायचा. एवढा हुकूम. आंघोळ, स्वच्छ कपडे, केस विंचरणे, औषध घेणे, घरात आणि अंगणात वावरणे यांना बंदी नाही.

आता रिवाज बघा. अंधाऱ्या खोलीत बसवणे, आभाळ न बघणे, आरसा झाकणे, फक्त पांढरेच नेसणे, सगळ्यांसमोर बांगड्या फोडणे. यातले बरेचसे आपण शेजारपाजारातून उचलले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ज्यांच्याकडून आपण हा रिवाज घेतला, ते तो सोडत आहेत आणि आपण तो दीन म्हणून धरून बसलो आहोत.

दवाखान्यात जाता येते का?

येते. गरज असेल तर बेवा स्त्री दिवसा बाहेर पडू शकते आणि रात्री आपल्या घरी परतते. हनफी आणि आपल्या कोकणात चालणारा शाफई, दोन्ही मसलकांत ही सवलत आहे. उपचार ही गरजच आहे. जिची कमाई बंद झाली तर घर चालणार नाही, तिच्या नोकरीचाही विचार फुकहांनी केलेला आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या खालांचा प्रसंग आहे. त्या तलाकच्या इद्दतीत होत्या. खजुराची फळे उतरवायला निघाल्या तर एकाने टोकले. त्या थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि आपण त्यांना जाण्याची परवानगी दिली.

जीवाला धोका असेल तर रात्र-दिवस बघायचे नाही, दवाखान्यात भरती व्हायचे. हे आम्ही वेगळे लिहितो, कारण छातीत दुखत असताना "सकाळपर्यंत थांबू" म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

गम कोणता आणि वय कोणते

बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते, आपल्याकडे अनेकींची त्याहून थोडी आधीच. त्या आधीच्या काही वर्षांत रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, घामाने उशी भिजते, छातीत धडधडते, झोप मोडते, चिडचिड होते, नाव आठवत नाही. दुःखातही झोप जाते, धडधड होते, काही आठवत नाही. दोन्ही एकाच वेळी आले की सगळे गमच्या खात्यावर जमा होते आणि उपचार होत नाही. साधी रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड. रक्तदाब मोजून घ्या. प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, ही सोय आता तालुक्याच्या गावीही मिळू लागली आहे.

एक गोष्ट लाजेने लपवली जाते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते एखादा डाग का असेना, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. प्रत्येक वेळी ते गंभीर असते असे नाही, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते आणि लवकर कळले तर इलाज सोपा असतो.

दुसरी गोष्ट हृदयाची. जबर धक्क्यानंतर हृदयाचा एक कप्पा काही काळ फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हे पहिल्यांदा नोंदवले. तिथे ऑक्टोपस पकडायला जे मडके वापरतात त्यासारखा आकार दिसला, म्हणून त्याला त्या मडक्याचेच नाव मिळाले: ताकोत्सुबो. हा त्रास होणाऱ्यांत पाळी बंद झालेल्या स्त्रियाच फार मोठ्या संख्येने असतात. लक्षणे हार्ट अटॅकसारखीच, छातीत दुखणे आणि धाप. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण हा ताकोत्सुबो की खरा अटॅक, हे घरी बसून कोणालाच कळत नाही. त्याला ईसीजी लागतो, बाकीच्या तपासण्या लागतात.

ताट

मय्यतीच्या घरी चूल कोणी पेटवायची? हजरत जाफर (रजि.) मुतहच्या लढाईत शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला इतरांना सांगितले गेले, कारण त्या घरावर दुःख कोसळले होते. आपल्याकडे काय होते? दहावा, बीसवा, चालीसवा, आणि बेवा स्त्री पाहुण्यांच्या ताटांचा हिशेब करत बसते. कर्ज काढून देगी चढवलेल्या आम्ही बघितल्या आहेत. त्याच पैशात तिची वर्षभराची औषधे आली असती. हे बोललेले काहींना आवडणार नाही.

बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांच्याविषयी येते की घरात मय्यत झाली, जमलेल्या बायका परतल्या आणि घरचीच माणसे उरली की त्या तलबीना शिजवायला सांगत, दुःखी मनाला त्याने आराम मिळतो, असे त्यांनी प्रेषित (स.) यांच्याकडून ऐकले होते. तलबीना म्हणजे जवाची पातळ खीर. दोन चमचे जवाचे पीठ कपभर पाण्यात गुठळी न होता कालवायचे, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत शिजवायचे, मग दूध घालून एक उकळी. वरून मध. साखरेचा आजार असेल तर मध नको आणि वाटी छोटी. घास गिळवत नाही त्या दिवसांत हे पोटात जाते. पुढे मात्र डाळ, अंडे, दही, भाजी रोज हवी. नुसत्या चहा-पावावर चार महिने काढले की शरीर पार थकते.

घरात बसून पाय सुजतात, सांधे आखडतात. अंगणात, गच्चीत, नाहीतर हॉल ते किचन अशा फेऱ्या, सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे. जमेल तेवढे कोवळे ऊन घ्या.

रडणे आणि त्यापुढचे

रडणे सब्रच्या विरुद्ध नाही. आपला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा खुद्द प्रेषित (स.) यांच्या डोळ्यांत अश्रू आले होते. "अब बस करो, मुलांकडे बघा" असे चौथ्या दिवशी म्हणणाऱ्या आपांना हे सांगावे.

मात्र दोन आठवडे उलटूनही झोप अजिबात नाही, जेवण नाही, नमाजला उठवत नाही, "मीही गेले असते तर बरे" असे पुन्हा पुन्हा मनात येते, तर हा ईमानचा कमकुवतपणा समजू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. खोलीतून बाहेर पडायची गरज नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर तिला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कागदपत्रे

यालाही आम्ही प्रकृतीच धरतो. अर्धी झोप पैशाच्या काळजीने उडालेली असते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या दहा प्रती घेऊन ठेवा. नवऱ्याचे सिमकार्ड लगेच बंद करू नका, बँकेचे संदेश त्यावरच येतात. पण त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढायचे नाहीत. त्या रकमेत बाकीच्या वारसांचाही हक्क असतो.

पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. २० रुपये कापले असतील तर अपघाती मृत्यूचा विमा. कितीतरी घरांत हे पैसे मागितलेच जात नाहीत, कारण पासबुक कोणी उघडत नाही. नवऱ्याचा पीएफ कापला जात असेल तर बेवा पेन्शनसाठी नमुना १०-डी, पीएफच्या रकमेसाठी नमुना २० आणि विम्यासाठी ५-आयएफ. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात.

आणि मेहर. ती दिली गेली नसेल तर ते नवऱ्यावरचे कर्ज आहे. वाटणीच्या आधी ते फेडायचे. त्यानंतर उरलेल्या मालमत्तेत औलाद असेल तर बेवा स्त्रीचा आठवा हिस्सा, नसेल तर चौथा (४:१२). पुरसा द्यायला आलेल्या दिराने पुढे केलेल्या कागदावर इद्दतीत, डोळ्यांत पाणी असताना, सही करू नका. "वाचून देते" एवढे म्हणा. खरा खैरख्वाह असेल तर तो थांबेल.

दिवस पुरे झाल्यावर

इद्दत संपताना वेगळा विधी नाही, माहेरचे कपडे आणायची अट नाही, मिठाई वाटायची गरज नाही. त्या आठवड्यात साखरेची ती तपासणी करून घ्या, जिला एचबीएवनसी म्हणतात. ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे जवळजवळ सगळ्या इद्दतीचा हिशेब एका कागदावर येतो. डोळेही दाखवून घ्या. पुढे रमजान असेल तर तो कागद घेऊनच डॉक्टरांना रोज्याचे विचारा, आणि त्यांनी मना केले तर फिदियाचे आलिमांना.