कोयनेची पहाट आणि मूत्रपिंडाची कथा

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनानगर गाढ झोपेत असता धरणी हलली आणि दगडमातीच्या भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. पार मुंबईपर्यंत हादरा जाणवला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. जखमींची गणती त्याहून कितीतरी मोठी. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले.

ढिगाऱ्यातून माणूस जिवंत निघाला की आपण देवाला हात जोडतो. पण खरा घात पुष्कळदा त्यानंतरच होतो. १९४१ साली, लंडनवरील बॉम्बवर्षावाच्या दिवसांत, बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी अशा चार जखमींची हकीकत प्रसिद्ध केली. तासन्‌तास हातपाय चेपलेली ही माणसे बाहेर काढली तेव्हा बरी वाटत होती. मग रक्तदाब घसरला, लघवी आटली, आणि आठवडाभरात सारा खेळ आटोपला.

याचे कारण असे. हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. रक्त वाहून गेले की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी हाच वाटा आखडते. घरात तंगी आली की माउली आधी आपलेच ताट कमी करते ना, तसेच! त्यात चेपलेल्या स्नायूंतले तांबूस द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचते.

युद्धे वाईटच, पण हा धडा त्यांनीच पक्का केला. कोरियात दर दोनशे गंभीर जखमींमागे एकाची मूत्रपिंडे निकामी होत. व्हिएतनाममध्ये ते प्रमाण सहाशेंत एकावर आले. हेलिकॉप्टरने जखमी लवकर उचलले जाऊ लागले, रक्तही लवकर मिळू लागले.

आज डॉक्टर आधी रक्तस्राव थांबवतात आणि वेळ न दवडता रक्त चढवतात. शरीर चेपलेले असेल तर शक्यतो ढिगारा उचलण्यापूर्वीच शिरेतून मिठाचे पाणी सुरू करतात. मग खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीवर नजर. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी हवी. परिचारिका दर तासाला आकडा टिपते, आणि तो उतरला तर रात्री दोन वाजताही डॉक्टरांना उठवते.