पलीकडे ऐकू जाते का?

बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात क्षणभर उभे राहून पाहा. गिऱ्हाईक विचारते, फोटो कसे निघतात? गाणी किती मावतात? पण "माझ्या घरातून बोललो तर पलीकडे नीट ऐकू जाईल का?" असे फारसे कोणी विचारीत नाही. आपल्या वाडवडिलांनी टेलिफोनची पारख याच एका प्रश्नाने केली. ती पारख आपण विसरू नये, म्हणून आजचे हे चार शब्द.

टेलिफोनचा शोध १८७६ सालचा. मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले २८ जानेवारी १८८२ रोजी. खेडेगावाच्या वाट्याला मात्र फार उशिरा आले. मधल्या काळात ट्रंक कॉल म्हणजे मोठा खटाटोप. तालुक्याच्या गावी जायचे, नंबर नोंदवायचा आणि तासन्‌तास बसायचे. घाई असेल तर 'अर्जंट', फारच घाई असेल तर 'लाइटनिंग'. दरही त्या मानाने चढे. लाइन लागली की माणूस असा ओरडे, की बाहेरच्यांना त्याच्या घरचे सारे सुखदुःख कळे. कारण उघड होते. लांबच्या तारेतून जाताना आवाज क्षीण होई आणि खरखर तेवढी वाढे.

१९६० साली लखनौ-कानपूर यांच्यात ऑपरेटरवाचून थेट फोन लागू लागला. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे बसले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, थंड केलेली खोली न मागणारे असे ते यंत्र. मागोमाग एसटीडीच्या टपऱ्या आल्या. १९९५ साली देशात मोबाइल आला आणि तार सुटली.

तार सुटली, तशी जागा महत्त्वाची झाली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद-उमरखेडकडचे डोंगर आहेत, झरी-जामणीकडचे कोलाम पोड आहेत. टॉवरच्या लहरींच्या वाटेत टेकडी आली, की पलीकडे जणू सावली पडते. म्हणून घरात मुका असलेला फोन टेकाडावर चढताच बोलू लागतो. त्यातही ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी १८०० च्या मानाने दूर जातात आणि भिंतीतूनही अधिक शिरतात.

आता पडद्यावरच्या काड्या. त्यांना भुलू नये. २०१० साली ॲपल कंपनीचा आयफोन-४ एका विशिष्ट रीतीने हातात धरला की रेंज पडे. तेव्हा कंपनीनेच कबूल केले, की काड्या दाखवण्याचे आपले गणित चुकले आहे. कित्येकदा दोन काड्या जास्तच दिसतात. महागाचा फोनसुद्धा असा फसवू शकतो!

शिक्षक मित्रांनी मुलांना सांगावी अशी आणखी एक गोष्ट. जुन्या टेलिफोनमधून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचाच आवाज जाई. 'स' या अक्षराची सळसळ बरीचशी त्याच्या वरची. म्हणून पलीकडचा 'स' म्हणाला की 'फ', हे कळत नसे. नव्या पद्धतीत सुमारे ७००० कंपनांपर्यंतचा आवाज जातो; मात्र त्यासाठी दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क त्या जातीचे हवे.

तेव्हा फोन घेण्यापूर्वी आपल्या गावात कोणत्या कंपनीची रेंज टिकते, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. तोच फोन ओळखीत कोणाकडे असेल तर त्यात आपले सिम घाला. एकदा घराच्या आतल्या खोलीतून आणि एकदा वावरातून बोला. पलीकडच्याला दहा आकडे सांगा आणि ते परत म्हणायला लावा. आकडे बरोबर आले, तर फोन पास.

एवढी परीक्षा कशासाठी? २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ नंबरवर रुग्णवाहिका बोलावता येते. कपाशी निंदताना कोणाला साप चावला, तर त्या वेळी फोटो उपयोगी पडत नाही. एकाच नावाची गावे तालुक्यातालुक्यांत असतात. गावाचे आणि तालुक्याचे नाव पलीकडे स्पष्ट पोचले, तरच गाडी योग्य वाटेला लागते.

आपले वाडवडील फोनवर ओरडत, कारण दुसरा इलाज नव्हता. आपल्याला इलाज आहे. फोन पाहून नव्हे, बोलून घ्यावा.