तापीकाठचे मेहताजी

सुरतेहून तापी ओलांडून हजिऱ्याच्या वाटेला लागले म्हणजे चोऱ्यासी तालुक्यातील इच्छापोर हे गाव लागते. आज ती वाट कारखान्यांच्या रहदारीने गजबजलेली असली, तरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या मुलखातील गावांत लिहिता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि त्यांत एक शाळेचा मास्तर असे. आपण ज्याला पंतोजी म्हणत आलो, त्याला गुजराती खेडे ‘मेहताजी’ म्हणे.

सरकारी शाळा येण्यापूर्वी गुजरातेत ‘धूळी निशाळ’ भरत असे. आपल्या धुळाक्षरांचीच ती बहीण: पाटीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर कोरायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा कोरायचे. लेखनापेक्षा भर होता तो पाढ्यांवर. आपल्याकडची औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तिकडे ‘ऊठां’ म्हणून घोकला जाई. कारण ज्या मुलाला उद्या वाण्याच्या वहीतला हिशेब समजून घ्यायचा आहे, त्याला साडेतीन मण धान्याचा भाव तोंडी काढता येणे हे व्याकरणापेक्षा निकडीचे होते, आणि मला तरी त्यात काही गैर दिसत नाही. मेहताजीचा मोबदला पुष्कळदा मूठभर धान्याच्या रूपाने येई. मुले ते घरून आणीत.

१८२६ साली मुंबईस तयार झालेले शिक्षक गुजरातेत पाठविण्यात आले. त्यांपैकी सुरतेचे दुर्गाराम मेहताजी हे असे विलक्षण मास्तर निघाले की, मंत्रतंत्राने भुते काढणाऱ्यांना त्यांनी भर शहरात आव्हान दिले. १८४४ साली त्यांनी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापिली, तेव्हा त्यांच्या बरोबरीने उभे होते मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग, जे त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते. सभेतील प्रमुख पाचांची नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. मराठी सुधारणेच्या इतिहासात मुंबईच्या परमहंस सभेचा उल्लेख नेहमी होतो, परंतु तिच्या अगोदरचा हा सुरतेचा धडा आपण बहुधा वगळतो.

खेड्यातील मास्तराला मात्र असल्या वादांना उसंत नसे. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळला. धान्याच्या मुठीची जागा दरमहाच्या पगाराने घेतली, तरी मास्तर आपला आहे हा गावाचा दावा काही सुटला नाही. सकाळी हजेरीपट, दुपारी पाढे. डिपोटी तपासणीस येणार म्हटले की रात्रभर दप्तराची झाडाझूड. आणि ज्या गावी टपालाची शाखा मास्तराकडेच असे, तेथे शाळा सुटल्यावर ओसरीवर पत्रे वाचून घेणाऱ्यांची रीघ. हिवाळ्यात पोंक, म्हणजे आपला हुरडा, तयार झाला की पटावरची मुले शेतात जात. मग घरी आलेला हुरडा खात खात मास्तरच्या बायकोने विचारावे, ‘आज किती होती हो पोरं?’ आणि मास्तराने हातातल्या कणसाकडे पाहत गप्प बसावे.

या मास्तरांच्या हाती जे पुस्तक आले, ते होप वाचनमाला. ज्यांच्या नावाची ती, ते थिओडोर होप शिक्षणखात्यातून पुढे सुरतेचे कलेक्टर झाले. त्याच नावाचा तापीवरील होप पूल १८७७ साली झाला. तोवर सुरतेहून रांदेर-इच्छापोरच्या बाजूस जाणाऱ्याला होडीचाच आधार.

होड्यांच्या त्या काळी, १८५२ साली, एक अठरा वर्षांचा तरुण रांदेरच्या शाळेत मास्तर म्हणून नेमला गेला. तो पुढे कवी नर्मद म्हणून प्रसिद्धीस आला; परंतु २३ नोव्हेंबर १८५८ रोजी मुंबईतील मास्तरकी सोडून लेखणीच्या आसऱ्यास गेल्यावर. रांदेरच्या पलीकडल्या खेड्यांत जे शेवटपर्यंत पाढे घोकून घेत राहिले, त्यांची नावे हजेरीपटाबरोबरच गेली.