तगरचें वस्त्र आणि धाराशिवचीं द्राक्षें

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत दक्षिणेंतील दोन मोठ्या पेठांचा उल्लेख येतो. एक पैठण व दुसरें तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेलें हें तगर म्हणजेच आजचें तेर, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. तेथून साधें कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचच्या बंदरास जाई. त्या मलमलीची विद्या विणकराच्या बोटांत होती व ती बापाकडून मुलाकडे जाई. गिऱ्हाइकाची परीक्षाही डोळ्यांची व हाताची होती. कापड उजेडासमोर धरावें, चिमटींत घेऊन पाहावें आणि भाव ठरवावा.

त्याच जिल्ह्यांतून आज युरोपांत द्राक्षें जातात. त्यांची परीक्षा मात्र डोळ्यांनीं होत नाहीं, व त्यांच्यामागील विद्याही एका गांवांत जन्मलेली नाहीं. एक मणी टपोरा व्हावा म्हणून किती दूरदूरच्या विद्यापीठांना खपावें लागलें, हा इतिहास मनोरंजक आहे. आणि त्यांतील एक प्रकरण कटूही आहे.

महाराष्ट्रांत निर्यातीसाठीं लावल्या जाणाऱ्या थॉमसन सीडलेस या जातींत बी नसतें. खाणारास ही सोय वाटते, परंतु मण्याची वाढ करणारें द्रव्य निसर्गतः बियांतच तयार होतें. बी नाहीं म्हणून मणी लहान राहतो. या द्रव्याचा शोध लागला तो द्राक्षांवर नव्हे, भातावर. भाताचीं कांहीं रोपें एका बुरशीच्या रोगानें भलतींच उंच, फिकट व दुबळीं होऊन लोळूं लागत. जपानी शेतकरी त्यांस ‘वेडीं रोपें’ म्हणत. १९२६ सालीं कुरोसावा या संशोधकानें दाखविलें, कीं बुरशीनें सोडलेल्या द्रवानेंच ही वाढ होते. पुढें टोकियोच्या विद्यापीठांत याबुता यांनीं १९३५ सालीं त्या द्रव्यास जिबरेलिन हें नांव दिलें. युद्धामुळें हें काम पाश्चात्य जगास बरींच वर्षें अज्ञात राहिलें. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत रॉबर्ट वीव्हर यांनीं बिनबियांच्या द्राक्षांवर त्याचे प्रयोग करून १९५८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मणी फुगला. आज धाराशिवचा बागाईतदार ‘जीए’ म्हणून ज्या पाण्यांत घड बुडवितो, त्याचा उगम असा भाताच्या रोगांत आहे.

पण घडापूर्वीं वेल जगली पाहिजे. बालाघाटच्या या पठारावर पाऊस बेभरंवशाचा. २०१२–१३ व २०१५–१६ या वर्षांचे दुष्काळ जिल्ह्यास फार जड गेले. विहिरी आटत चालल्या कीं उरलेलें पाणी खारटही होऊं लागतें. अशा भूमींत द्राक्षवेल टिकते ती परक्या मुळांच्या आधारानें. टेक्सासमधील रानवेलीपासून निवडलेला ‘डॉगरिज’ हा खुंट आधीं लावून त्यावर थॉमसनचें कलम करावयाचें, ही पद्धति महाराष्ट्रांत १९९० नंतर पसरली. तो खुंट अवर्षण व क्षार दोन्ही सोसतो.

मात्र त्याच्या अंगीं जोम फार. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फांद्या माजतात, पानांची सावली दाटते, आणि पुढच्या हंगामाचा घड ज्या डोळ्यांत धरावयाचा त्या डोळ्यांना ऊन मिळत नाहीं. यावर उपाय म्हणून आणखी एक विद्यापीठीय शोध कामास आला. अमेरिकेंतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे टोल्बर्ट यांनीं १९६० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा वाढ रोखण्याचा गुण प्रसिद्ध केला होता. हें द्रव्य वनस्पतींतील जिबरेलिनच बनूं देत नाहीं. म्हणजे घडाला जें द्यावयाचें, तेंच फांदीला नाकारावयाचें, असा हा दुहेरी व्यवहार! बागाईतदारांच्या तोंडीं त्याचें नांव ‘सीसीसी’. भारतांत त्याला बंदी नव्हती आणि तें नित्याच्या वापरांत होतें.

या सर्व काळांत जिल्ह्याजवळ स्वतःची अशी संशोधनशाळा नव्हती. निजामाच्या अमलांत जिल्हा उस्मानाबाद आणि राज्याचें विद्यापीठ उस्मानिया, दोघांनाही एकाच राजाचें नांव. पण १९१८ सालीं निघालेलें तें विद्यापीठ हैदराबादेस, व शिक्षण उर्दूंतून. मराठवाड्यास कृषि विद्यापीठ मिळालें तें परभणीस, १९७२ सालीं. द्राक्षांसाठीं राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं उभें राहिलें.

तोंवर निर्यात सुरू होऊन गेली होती. २००३ सालीं नेदरलँड्समध्यें भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सांपडले, तेव्हां पहिला धक्का बसला. त्यानंतर मांजरीच्या केंद्रांत अवशेष-परीक्षेची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली, आणि २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद ‘ग्रेपनेट’ या पटावर होऊं लागली. पेटीवरून बाग ओळखतां यावी, ही त्यांतील कल्पना. व्यवस्था चांगली होती. तिच्यांत एकच उणीव राहिली. ज्या द्रव्यांचे अवशेष तपासावयाचे त्यांच्या यादींत सीसीसी नव्हतें.

२०१० च्या हंगामांत युरोपांतील प्रयोगशाळांनीं तेंच शोधलें. त्यांची मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. सीसीसी एप्रिलनंतरच्या वाढीच्या दिवसांत फवारलेलें, आणि द्राक्षें पुढच्या वर्षीं तोडलेलीं. तथापि तें वेलीच्या लाकडांत मुरून राहतें व फळांत उतरतें, हें त्या हंगामानें शिकविलें. युरोपच्या बंदरांत पेट्या अडकल्या, भाव कोसळले. भारतांतील तपासणींत जो माल निर्दोष ठरला, तोच तेथें सदोष ठरला. यांत बागाईतदाराची लबाडी शोधणें अन्यायाचें होईल. त्यानें रीतीप्रमाणें फवारणी केली, रीतीप्रमाणें नमुना दिला आणि रीतीप्रमाणें दाखला घेतला. चूक असेल तर ती हीच, कीं उत्पादन वाढविणारें शास्त्र बागेंत वीस पावलें पुढें गेलें होतें, आणि अवशेष मोजणारें शास्त्र यादीच्या पलीकडे पाहत नव्हतें. त्या हंगामाची किंमत मात्र यादी करणारानें भरली नाहीं. ती भरली कर्ज काढून मांडव उभारणाऱ्या माणसानें.

त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादींत आलें. तोडणीपूर्वीं नोंदलेल्या बागेंतून नमुना घेतला जातो, यंत्र त्यांतील रेणूंना त्यांच्या वजनानें ओळखतें, आणि अहवाल आल्यावांचून निर्यातीचा माल बाहेर पडत नाहीं. तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणांहून शास्त्रज्ञांचा सल्ला गांवोगांव पोंचतो. निर्यातीच्या बागांत वाढ आवरण्यासाठीं आतां पाण्याचा ताण, खतांचा मेळ आणि हात यांवर अधिक भिस्त असते. मे महिन्याच्या उन्हांत मजूर बायका ओळीओळीनें फिरतात व मोजून पानें ठेवून फांदीचा शेंडा नखानें खुडतात.